सुईचा नंबर, तारेचा नंबर

दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. सकाळी दवाखान्याचे शटर वर करतो न करतो तोच एक ओळखीचे शेतकरी मुलाला घेऊन पायरीवर उभे. मुलगा पुण्याला इंजिनिअरिंगला. उजव्या हाताला ओला टॉवेल गुंडाळलेला. टॉवेल काढला तर तळवा आणि अंगठ्याच्या बुडाशी मोठे फोड, मधोमध पांढरट पडलेली कातडी आणि त्यावर टूथपेस्टचा जाड थर.

"कशाने भाजलं?" मी विचारले. मुलगा म्हणाला, "चहा सांडला." वडील म्हणाले, "फटाका फुटला म्हंते सायेब, मले तर काई समजून नाई राह्यलं." बाप-लेकाच्या उत्तरात असा फरक पडला की डॉक्टरने समजून घ्यायचे. वडिलांना बाहेर बाकावर बसवले आणि जखम धुवायला घेतली. या मुलाचे लहानपणीचे सगळे डोस याच टेबलावर झालेले, त्यामुळे त्याला फार वेळ खोटे बोलता आले नाही. आदल्या रात्री त्याच्या हातात वेपचे यंत्र फुटले होते. रात्रभर तो दुखणे सोसत बसला, कारण 'त्यावर बंदी आहे, डॉक्टर पोलिसांना कळवतील' अशी भीती. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत.)

वेप म्हणजे काय, हे आपल्याकडच्या बऱ्याच पालकांना ठाऊक नाही. पेनसारखी किंवा लहान डबीसारखी ही वस्तू असते. आत एक बॅटरी, एक तारेचे वेटोळे, त्यात कापसाची वात आणि वातीला पाजलेला द्रव. द्रवात ग्लिसरीन, प्रॉपिलिन ग्लायकॉल, वासाचे अर्क आणि बहुधा निकोटीन असते. बटन दाबले की तार तापते, द्रवाची वाफ होते, ती ओढायची. पोरे तिला धूर म्हणतात, पण तो धूर नव्हे. काही जळत नाही, निदान जळू नये अशी अपेक्षा असते. आज जगभर चालणारा हा प्रकार २००३ साली होन लिक नावाच्या चिनी औषधतज्ज्ञाने तयार केला. आपल्या देशात १८ सप्टेंबर २०१९ रोजी वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात कायदा झाला. उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, साठा, जाहिरात, सगळ्यांवर बंदी. आणि पूर्ण यंत्र असो की त्याचा सुटा भाग, दोन्ही त्यात आले. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ओढणाऱ्याला शिक्षा अशी तरतूद त्यात नाही. तेव्हा भाजलेला हात घेऊन डॉक्टरकडे यायला कुणीही भिऊ नये.

आता या मुलाची अडचण अशी झाली की सुट्टीत गावी आल्यावर त्याच्या यंत्राचे वेटोळे जळाले. पुण्यात ते कुठूनतरी चोरून मिळायचे. रिद्धपुरात कुठून मिळणार? मग मित्राला फोन केला. मित्राने सांगितले, '२६ नंबरची तार घे, दहा सेंटिमीटर, गुंडाळून टाक.' याने बाजारात हिटर-शेगड्या दुरुस्त करणाऱ्याकडून २६ नंबरची तार आणली. अगदी सांगितल्याप्रमाणे केले, तरी बॅटरी फुटली. का, हे त्याला कळत नव्हते आणि खरे सांगायचे तर मलाही कळले नव्हते.

धनुर्वाताचे इंजेक्शन देण्यासाठी सुईचे पाकीट फाडले तेव्हा तो म्हणाला, "काका, सुईलाही नंबर असतो?" असतो. आणि सुईचा नंबर मुळात तारेच्याच नंबरावरून आलेला आहे. इंग्लंडातले तार ओढणारे कारागीर जाड तार एकाहून एक बारीक भोकांतून ओढत नेत. जितक्या वेळा ओढली तितकी बारीक, म्हणून नंबर मोठा तर तार बारीक. बर्मिंगहॅमची ती मोजपट्टी आमच्या सुयांनी अजून सोडलेली नाही. सलाईन लावताना हिरव्या रंगाची १८ नंबरची सुई जाड, गुलाबी २० नंबर तिच्याहून बारीक, निळी २२ त्याहून बारीक आणि तान्ह्या लेकरांची पिवळी २४ नंबर आणखी बारीक. बीसीजीची लस २६ नंबरच्या सुईने कातडीत देतात.

उरलेली तार त्याच्या खिशात होती. मी २६ नंबरची सुई काढून तिच्याशेजारी धरली. दोन्ही सारख्याच जाड. तरी खात्री करावी म्हणून दुपारी मोटर वायंडिंगच्या मिस्त्रीकडे गेलो. त्याने मायक्रोमीटर लावून सांगितले, "०.४६ मिलिमीटर. बरोब्बर २६ नंबर, डॉक्टरसायेब. पण हा आपला नंबर. अमेरिकेचा नंबर येगळा असते."

इथे गुंता सुटला. एकाच २६ नंबरच्या दोन जाड्या आहेत. आपल्याकडे वायंडिंगवाले आणि हिटरवाले वापरतात तो ब्रिटिश गेज. त्यात २६ नंबर म्हणजे सुमारे ०.४६ मिलिमीटर. वेपवाल्यांच्या जगात चालतो तो अमेरिकन गेज. त्यात २६ नंबर म्हणजे सुमारे ०.४० मिलिमीटर. फरक केसाएवढा वाटतो, पण विजेच्या हिशेबात जाडी वर्गाने मोजावी लागते. दोन इंची पाइप एक इंचीच्या दुप्पट नव्हे, चौपट पाणी सामावतो, हे संत्र्याच्या बागाईतदाराला सांगायला नको. (आमच्या सलाईनच्या सुईत तर नळी दुप्पट रुंद झाली की प्रवाह सोळापट होतो, म्हणून रक्त द्यायला जाड सुई लागते. ते असो.) तारेची जाडी वाढली की तिचा रोध कमी होतो, आणि रोध कमी झाला की बॅटरीतून जास्त अँपियर ओढले जातात.

दुसरी चूक धातूची. मित्राच्या मनात होती कँथल नावाची लोखंड-क्रोमियम-ॲल्युमिनियमची तार. हिटरवाल्याने दिली नायक्रोम, म्हणजे निकेल आणि क्रोमियमची. तिचा रोध कँथलच्या साधारण पाऊण पट. मी संध्याकाळी वहीवर आकडे मांडले. मित्राच्या हिशेबाने दहा सेंटिमीटरला सुमारे १.१ ओहम पडायचे. प्रत्यक्षात पडले ०.६६. शिवाय याने वाफ दाट यावी म्हणून एकाऐवजी दोन वेटोळी शेजारी-शेजारी जोडली होती. तसे केले की रोध निम्मा होतो: ०.३३ ओहम. पूर्ण भरलेला लिथियमचा सेल ४.२ व्होल्ट देतो. भागाकार करा, जवळजवळ पावणेतेरा अँपियर येतात. सेल कुठला होता? जुन्या लॅपटॉपच्या पॅकमधून काढलेला. असे सेल साधारण पाच अँपियरच्या आसपास चालवायचे असतात. यंत्रही साधे नळीचे, बटन दाबले की सेल सरळ तारेला. मध्ये प्रवाह रोखणारे काहीच नाही. तुमच्या विहिरीवरची मोटर जास्त अँपियर घेऊ लागली तर स्टार्टर तिला पाडतो. इथे स्टार्टर नव्हता, आणि मोटरच्या जागी त्याची मूठ होती.

मिस्त्रीकडची तांब्याची वायंडिंगची तार वापरली असती तर? मी विचारलेच. मिस्त्री हसला. दहा सेंटिमीटर तांब्याचा रोध ओहमच्या शंभराव्या भागाएवढा. म्हणजे तो शॉर्टच. वर तारेवरचे इनॅमल जळून फुप्फुसात गेले असते ते वेगळे.

तुम्ही म्हणाल, मग बारीक तार घेतली की झाले. तसेही नाही. बारीक तार झटकन लाल होते, वातीला द्रव ओढून घ्यायला वेळ मिळत नाही, आणि वात कोरडी पडली की कापूस आणि ग्लिसरीन दोन्ही करपतात. करपलेल्या ग्लिसरीनमधून ॲक्रोलिन निघते. भजी तळताना तेल फार तापले की नाक-डोळ्यांना जे झोंबते तेच हे. सोबत फॉर्माल्डिहाइडही तयार होते. शवविच्छेदनाच्या खोलीतला तो वास आम्ही डॉक्टर जन्मभर विसरत नाही. जाड तारेने बॅटरी धोक्यात येते, बारीक तारेने छाती. वेप ओढणारे लोक या दोघांच्या मधला नंबर शोधत बसतात, आणि त्यासाठी मीटर, तक्ते, हिशेब सारे असते. पण तार कितीही मोजून घेतली तरी तिच्यातला धातू थोडाथोडा वाफेत उतरतोच. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली रोज वेप ओढणाऱ्या ५६ जणांची यंत्रे तपासली. भरायच्या द्रवात धातू फार थोडे होते. तापलेल्या वेटोळ्याला लागून आल्यावर त्यात शिसे, क्रोमियम, निकेल वाढलेले आढळले. निकेल आणि क्रोमियमची काही संयुगे श्वासावाटे गेल्यास कर्करोग करतात, हे कारखान्यांतल्या कामगारांवरून वैद्यकाला आधीच माहीत होते.

२०१९ साली अमेरिकेत वेप ओढणाऱ्या तरुणांची फुप्फुसे अचानक निकामी होऊ लागली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्णांची नोंद झाली आणि ६८ दगावले. त्यात मुख्य दोष निघाला गांजाच्या अर्काच्या द्रवात मिसळलेल्या 'ई' जीवनसत्त्वाच्या तेलकट संयुगाचा. गोळी म्हणून गिळायला निरुपद्रवी असलेली वस्तू वाफ करून छातीत घेतली की काय होते, याचे हे उदाहरण. चोरून आणलेल्या बाटलीत काय आहे हे सांगणारा इथे कोण आहे?

निकोटीनबद्दल तर आपल्या शेतकऱ्यांना वेगळे सांगायला नको. निकोटीन सल्फेट हे एकेकाळी फवारणीचे औषध होते. ते कातडीतूनही अंगात भिनते. हाताने तार गुंडाळायची, वात बदलायची, द्रव भरायचा, म्हणजे बोटांना तो लागणारच. घरात लहान लेकरू असेल तर गोड वासाची ती बाटली सर्वांत आधी त्याच्या हाती जाते. ओकारी, तोंडाला फेस, घाम, अंग पांढरे पडणे, झटके, अशा क्रमाने त्रास वाढतो. ओकारी काढायचा प्रयत्न करू नका. लेकरू आणि बाटली दोन्ही घेऊन तडक दवाखाना गाठा.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. ब्रिटनमध्ये सिगारेट सोडू पाहणाऱ्या प्रौढ माणसाला तिथली सरकारी आरोग्यसेवा वेपचा पर्याय सुचवते. तिथे द्रवाला, बाटलीला, यंत्राला नियम आहेत. आणि बिडी-सिगारेटपेक्षा त्यात अपाय कमी, असा त्यांचा हिशेब आहे. तो हिशेब मी खोटा म्हणणार नाही. पण या मुलाने उभ्या जन्मात बिडी ओढली नव्हती. होस्टेलवर 'आंब्याचा वास येतो, बघ' म्हणून सुरुवात झाली आणि वर्षभरात अशी गत झाली, की दिवाळीत घरी चार दिवस निभले नाहीत म्हणून हिटरची तार गुंडाळत बसला. मला जखमेपेक्षा हे जास्त लागले.

भाजल्यावर काय करायचे तेही सांगून ठेवतो, कारण टूथपेस्ट खरवडण्यात माझा अर्धा तास गेला आणि त्याचा जीव गेल्यासारखा झाला. वाहत्या थंड पाण्याखाली वीस मिनिटे हात धरा, बर्फ नको. अंगठी, घड्याळ, कडे सूज येण्याआधी काढा. टूथपेस्ट, हळद, शाई, तूप काही लावू नका. फोड फोडू नका. स्वच्छ ओल्या फडक्याने सैल झाका आणि या. बॅटरीतून गळालेला द्रव कातडीला लागला असेल तर पाणी अधिक वेळ वाहू द्या आणि डॉक्टरला बॅटरीचे नक्की सांगा. 'चहा सांडला' म्हणाल तर उपचार चुकतो. सुटे सेल खिशात किल्ल्या आणि चिल्लरसोबत ठेवू नयेत, हे वेप न ओढणाऱ्यांनाही लागू. टॉर्चसाठी असे सेल आता घरोघरी आहेत.

अंगठ्याच्या बुडाची जखम खोल होती, म्हणून त्याला अमरावतीला पाठवले. बोट वाकते आहे, कातडी लावायची गरज पडली नाही. तिसऱ्या ड्रेसिंगला आला तेव्हा वडिलांना सगळे कळले होते. मुलाने स्वतःच सांगितले. रिद्धपूर हे महानुभावांचे काशी, व्यसन वर्ज्य मानणारा पंथ. घरात आजी पंथाची. तिला मात्र अजून फटाकाच माहीत आहे आणि ते मी तसेच राहू दिले.

मुलाला निकोटीनचे दोन मिलिग्रॅमचे गम लिहून दिले. तलफ आली की हळूहळू चावायचे, मग गालात दाबून ठेवायचे, रस गिळत सुटायचे नाही, आणि काही आठवड्यांत कमी करत आणायचे. सोबत सरकारच्या तंबाखूमुक्ती सेवेचा नंबर दिला: १८००-११-२३५६. फोनला पैसे पडत नाहीत.

वडील तो कागद बराच वेळ न्याहाळत होते. खिशातली खर्र्याची पुडी त्यांनी चाचपली, मग विचारले, "हा लंबर खर्र्यासाठीबी चालते का सायेब?"

चालतो म्हणालो. दुसऱ्या कागदावर तोच नंबर लिहून दिला.