सोन्याची कन्नडी

आरशाला कानडीत 'कन्नडी' म्हणतात, हे आपल्याकडच्या मुलांना सांगावे लागत नाही. मध्य प्रदेशात बालाघाटला बहिणीकडे गेलो असता भाचीने विचारले, "मामा, क्ष-किरणांना आरसा का चालत नाही?" प्रश्न नेमका होता.

समोरून पडलेले क्ष-किरण आरशात शिरतात, परतत नाहीत. पण तळ्यात चपटा दगड अगदी तिरका फेकला की पाण्यावरून उडत जातो ना, तसे एखाद्या अंशाच्या आतल्या कोनात आले तर गुळगुळीत सोन्यावरून निसटून पुढे जातात. जर्मनीच्या हान्स व्होल्टर यांनी १९५२ मध्ये एकामागे एक दोन वक्र आरसे सुचवले. दोनदा वळून किरण एका बिंदूत येतात. त्यांना करायचा होता सूक्ष्मदर्शक, उपयोग झाला दुर्बिणीला! असा आरसा किरणांना जवळजवळ कडेनेच दिसतो, म्हणून एकात एक अनेक बसवावे लागतात.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने 'ॲस्ट्रोसॅट' उपग्रहाच्या दुर्बिणीसाठी असे ३२० आरसे घडवले. ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, वर सोन्याचा थर, एकात एक चाळीस कवचे. व्होल्टरचा खरा वक्र सोडून साधे शंकू घेतले. प्रतिमा किंचित पसरट, पण वजन हलके. मला ही तडजोड शहाणपणाची वाटते.

२८ सप्टेंबर २०१५ ला श्रीहरिकोट्याहून उड्डाण झाले. नव्या उपग्रहातून वाफा सुटतात. त्या आत बसल्या तर पुसायला वर कोण जाणार? म्हणून घाई केली नाही. कॅमेऱ्याचे दार २६ ऑक्टोबरला उघडले, आणि एका दूरच्या दीर्घिकेचे क्ष-किरण त्यात उतरले.