पैसे कटले, पण समोर पोचलेच नाहीत: आता काय करायचं?



व्हिडिओत वेळेअभावी जे राहिलं, ते इथे सविस्तर लिहितोय. विषय असा आहे की वेळ आली की हातपाय गळतात, म्हणून आत्ताच वाचून ठेवा.

आधी माझीच गोष्ट. माझं जालन्यात मोटर-पंप आणि पाईपचं दुकान आहे. दिवाळीनंतर विहिरींना पाणी असतं, रब्बीची पेरणी सुरू असते, तेव्हा आमचा सीझन. काही वर्षांपूर्वी अशाच सीझनला राजकोटच्या एका नव्या सप्लायरला मी एनईएफटीनं ८६,४०० रुपये पाठवले. खाते नंबर व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या चेकच्या फोटोवरून टाईप केला. फोटो धूसर होता, ३ चा ८ झाला. नंबर दोनदा टाकावा लागतो, पण दोन्ही वेळा मी त्याच फोटोत बघत होतो, म्हणून चूकही दोनदा तीच झाली. मोबाईलवर मेसेज आला, व्यवहार यशस्वी. दुसऱ्या दिवशी सप्लायर म्हणाला, पैसे नाहीत, गाडी निघणार नाही.

ते पैसे परत यायला ४३ दिवस लागले. त्यातले पहिले नऊ दिवस निव्वळ माझ्यामुळे गेले. मी रोज बँकेत जायचो, तोंडी सांगायचो, "बघतो" ऐकून परत यायचो. एकही कागद दिला नव्हता. दहाव्या दिवशी लेखी अर्ज दिला, पोच घेतली, आणि तिथून खरं काम सुरू झालं.

त्यातून एक गोष्ट शिकलो. बँकेतून निघालेला पैसा हरवत नाही, तो कुठल्या तरी खात्यात थांबलेला असतो. कुठल्या, ते आधी शोधायचं. मग कोणाचं दार ठोठवायचं ते आपोआप कळतं.

पहिलं काम: यूटीआर नंबर काढा

प्रत्येक व्यवहाराला एक नंबर असतो. एनईएफटीचा यूटीआर १६ अक्षरं-आकड्यांचा असतो. यूपीआय आणि आयएमपीएसचा संदर्भ क्रमांक १२ आकडी असतो. तो अ‍ॅपच्या हिस्टरीत किंवा पासबुकात मिळतो. त्याचा स्क्रीनशॉट काढा. कुरिअरच्या पावतीवर जसा नंबर असतो तसाच हा. याच्याशिवाय बँकेतला माणूस शोधणार तरी काय?

आणि हा नंबर हातात येईपर्यंत दुसऱ्यांदा पैसे पाठवू नका. समोरचा घाई करतो, आपण ओशाळतो, परत पाठवतो, आणि संध्याकाळी दोन्ही रकमा त्याच्याकडे जमा झालेल्या असतात. मग वसुलीसाठी फोन करत बसायचं आपण.

आता तीन प्रकार बघू.

प्रकार १: पैसे मध्येच अडकले

नंबर बरोबर, नाव बरोबर, तुमच्या खात्यातून कटले पण समोर जमा नाहीत. हा सगळ्यात सोपा प्रकार. रिझर्व्ह बँकेनं २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानं याच्या मुदती ठरवून दिल्यात:

- यूपीआयनं किंवा आयएमपीएसनं एका खात्यातून दुसऱ्या खात्यात: व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत पैसे परत.
- दुकानदाराला यूपीआय केलं, तुमचे कटले, पण दुकानदाराला कन्फर्मेशन आलं नाही: ५ दिवसांत परत.
- एटीएममधून नोटा आल्या नाहीत पण खात्यातून कटले: ५ दिवसांत परत.

हे दिवस कॅलेंडरचे, म्हणजे रविवारही मोजायचा. मुदत उलटली की उशिराच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई आहे, आणि ती बँकेनं न मागता द्यायची आहे. प्रत्यक्षात खात्यात दिसली नाही, तर अर्जात मागून घ्या. लाजायचं कारण नाही, हक्काची आहे.

एनईएफटीचं गणित थोडं वेगळं. डिसेंबर २०१९ पासून ती चोवीस तास, दर अर्ध्या तासाच्या बॅचमध्ये चालते. बॅच पूर्ण झाल्यावर दोन तासांत समोरच्या बँकेनं पैसे जमा करायचे, नाहीतर परत पाठवायचे. उशीर झाला तर रेपो दर अधिक २ टक्के दरानं व्याज. म्हणून एनईएफटी केल्यावर दहा मिनिटांत घाबरू नका, अडीच-तीन तास थांबा.

दुकानदार भावांसाठी एक सूचना. साउंडबॉक्स बोलला नाही आणि गिऱ्हाईक म्हणतंय "कटले", तर भांडू नका. त्याचा १२ आकडी नंबर लिहून घ्या आणि तुमच्या अ‍ॅपमध्ये किंवा खात्यात जमा दिसतंय का बघा. नसेल तर त्याचे पैसे त्याला परत मिळतात, हे समजावून सांगा. गिऱ्हाईक तुटत नाही.

प्रकार २: चुकीच्या खात्यात गेले

माझा हा प्रकार होता. मी बँकेत वाद घातला की नाव तर मी बरोबर टाकलं होतं! पण १४ ऑक्टोबर २०१० च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकाप्रमाणे बँक फक्त खाते नंबर बघून पैसे जमा करू शकते. नंबर अचूक टाकायची जबाबदारी पाठवणाऱ्याची. आणि एकदा दुसऱ्याच्या खात्यात जमा झालेले पैसे, त्या खातेदाराच्या संमतीशिवाय बँक सहसा काढून देत नाही. तुमची बँक त्याच्या बँकेला लिहिते, ती बँक त्या खातेदाराला विचारते. म्हणून इथे दिवस महत्त्वाचे. जितका उशीर, तितकी पैसे खर्च झालेले असण्याची शक्यता जास्त.

आपल्या शेजारच्या पैठण तालुक्यातलं प्रकरण आठवतं का? २०२१ मध्ये एका शेतकऱ्याच्या जनधन खात्यात १५ लाखांहून जास्त रक्कम आली. त्याला वाटलं, सरकारनं दिले. त्यानं ९ लाखांच्या आसपास काढून घर बांधलं. काही महिन्यांनी बँकेचं पत्र आलं की ती रक्कम पिंपळवाडी ग्रामपंचायतीची होती, चुकून तुमच्याकडे आली, परत करा. विचार करा, ग्रामपंचायतीचा निधी अडकला आणि शेतकऱ्याच्या डोक्यावर घर बांधून कर्ज झालं. चूक पहिल्या आठवड्यात पकडली असती तर दोघंही सुटले असते.

यात दुसराही धडा आहे. तुमच्या खात्यात अनोळखी रक्कम आली तर ती तुमची नाही. १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७२ सांगतं की चुकून मिळालेला पैसा परत करावा लागतो. पण फोनवर कोणी "चुकून आले, या नंबरवर परत टाका" म्हणालं, तर तिथे टाकू नका. त्यात फसवणूक असू शकते. आधी स्टेटमेंट बघा, रक्कम खरंच आली असेल तर बँकेला लेखी कळवा आणि बँकेमार्फतच परत करा.

प्रकार ३: कोणीतरी काढून घेतले

इथे अर्ज नंतर, फोन आधी. १९३० हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय हेल्पलाईन नंबर आहे. लगेच लावा, सोबत बँकेला सांगून खातं-कार्ड बंद करा. पैसे पुढच्या खात्यात जायच्या आत गोठवता आले तरच हाती लागतात. तुमची काही चूक नसताना बाहेरच्या माणसानं व्यवहार केला असेल, तर बँकेकडून कळल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास तुमच्यावर बोजा येत नाही, हा २०१७ चा नियम आहे.

अडकलेले पैसे शोधताना लोक गुगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधतात आणि तिथेच दुसऱ्यांदा लुटले जातात. नंबर पासबुकावरचा, कार्डामागचा किंवा अ‍ॅपमधलाच घ्या. पैसे परत घ्यायला कधीच पिन लागत नाही. पिन मागितला की फोन ठेवा.

अर्ज असा लिहा

"मा. शाखाधिकारी, माझ्या खाते क्र. ____ मधून दि. ____ रोजी ____ वाजता रु. ____ कटले. यूटीआर क्र. ____. रक्कम अपेक्षित खात्यात जमा झालेली नाही / चुकीच्या खाते क्र. ____ मध्ये गेली आहे. कृपया समोरच्या बँकेशी तातडीने पत्रव्यवहार करून रक्कम परत मिळवून द्यावी व तक्रार क्रमांक द्यावा. मुदतीनंतरच्या दिवसांची नियमाप्रमाणे भरपाई मिळावी."

(भरपाईचं वाक्य प्रकार १ साठीच. चूक आपली असेल तर ते गाळा.) दोन प्रती काढा, एकीवर सही-शिक्का घ्या. तोच मजकूर बँकेच्या ईमेलवरही टाका. यूपीआय असेल तर अ‍ॅपमध्येही तक्रार नोंदवा.

बँक ऐकत नसेल तर

३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस पोर्टलवर तक्रार करा. माहितीसाठी नंबर १४४४८. फी नाही, वकील लागत नाही. पण पोच किंवा तक्रार क्रमांक लागतो, म्हणून तर सुरुवातीपासून कागदाचा आग्रह धरतोय. एक लक्षात ठेवा, पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाखाली येत नाहीत. राज्यात नोंदलेल्या पतसंस्थेबाबत जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे जावं लागतं.

आजपासून दुकानात तीन सवयी

१. नवीन पार्टीला आधी १ रुपया पाठवा, त्याच्याकडून "आला" ऐका, मगच मोठी रक्कम.
२. एनईएफटी आणि आरटीजीएसमध्ये खातेदाराचं नाव आधी दाखवायची सोय बँकांनी १ एप्रिल २०२५ पर्यंत द्यायची होती. तुमच्या अ‍ॅपमध्ये बघा आणि नाव वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.
३. फोटोवरून नंबर टाईप करू नका. मजकूर म्हणून मागवा आणि फोनवर एक-एक आकडा वाचून घ्या.

त्या सीझनला माझी गाडी अठरा दिवस उशिरा निघाली, तीही हातउसने पैसे करून. ओळखीची चार गिऱ्हाईकं शेजारच्या दुकानातून मोटार घेऊन गेली. पैसे परत आले, ती चार मात्र आली नाहीत. म्हणून सांगतो, एक रुपया आधी पाठवायला अर्धं मिनिट लागतं.

भेटू पुढच्या व्हिडिओत.