रेघ ओढण्याआधी

लेखमाला : वाट आणि वस्ती – लेखांक ६

जलंब जंक्शनहून खामगावला जाणारा रेल्वेचा फाटा जेमतेम १३ किलोमीटरचा. १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते तो सुरू झाला. खामगावच्या बाजारातला कापूस मुंबई बंदरात आणि तिथून इंग्लंडच्या गिरण्यांत लवकर पोचावा, एवढंच त्यामागचं गणित होतं. चिखलीच्या किंवा देऊळगावराजाच्या माणसाला कुठं जायचं आहे, हे त्या गणितात कुणी धरलं नाही. राज्य परक्याचं होतं, तेव्हा त्यात नवल नाही. नवल पुढच्या गोष्टीचं आहे. दीडशे वर्षं उलटली, राज्य आपलं झालं, तरी गाडी खामगावलाच संपते. तिथून रूळ घाट चढवून जालन्याला न्यावेत ही मागणी ब्रिटिश अमदानीपासूनची. सर्वेक्षणं झाली, निवेदनं झाली, उपोषणं झाली, राज्य सरकारनं निम्मा खर्च उचलायची तयारीही दाखवली. जिल्ह्याचं ठिकाण असलेल्या बुलढाण्याला मात्र आजही रेल्वे स्टेशन नाही. याच काळात घाटावरच्या चार तालुक्यांतून समृद्धी महामार्ग गेला. २०१५ साली तो जाहीर झाला आणि डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी वाहनं धावूही लागली. मागितलेला रूळ शंभर वर्षांत आला नाही आणि कुणी न मागितलेला रस्ता सात वर्षांत आला. या जिल्ह्यात नियोजन आणि लोक यांचं नातं काय आहे, ते एवढ्यावरून कळतं.

आपल्याकडे लोकांना विचारतच नाहीत, असं म्हणणं मात्र खरं नाही. विचारतात, पण दोन टोकांना. एक टोक गावाच्या शिवेच्या आतलं. ग्रामपंचायत अधिनियमाप्रमाणे वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी, तेवढी गणपूर्ती लागते. 'आमचं गाव, आमचा विकास' या उपक्रमात गावानं आपला आराखडा आपणच करायचा असतो. नाली कुठून काढायची, पेव्हर ब्लॉक कोणत्या गल्लीत बसवायचे, अंगणवाडीची खोली कुठं बांधायची, हे गाव ठरवू शकतं. दुसरं टोक जमीन जाणार हे पक्कं झाल्यानंतरचं. गट नंबरांची यादी लागते, हरकती मागवतात, सुनावणी होते, आणि तोवर बोलण्यासारखं एकच उरलेलं असतं : दर. या दोन टोकांच्या मध्ये जो खरा प्रश्न आहे, म्हणजे रस्ता कोणत्या अंगानं जावा, कुठं थांबावा, कोणती दहा गावं जोडावीत, त्यासाठी लोकांनी बसावं अशी जागाच नाही. नालीला ग्रामसभा आणि महामार्गाला फक्त हरकत, अशी ही वाटणी आहे.

हरकतीची तरतूद कायद्यात चांगली ऐसपैस आहे, हे मान्य करायला हवं. १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमात प्रादेशिक योजनेच्या प्रारूपावर हरकती-सूचनांसाठी किमान चार महिने ठेवले आहेत. नगरपालिकेच्या विकास आराखड्यासाठी ३० दिवस मिळतात. पण हरकत नेहमी काढलेल्या रेघेवर घेतली जाते. आपल्या वावरातून रेघ गेली तर माणूस तहसीलवर धावतो. जी रेघ नकाशात असायला हवी होती आणि नाही, तिच्यावर हरकत कशी घ्यायची? कोऱ्या जागेचा गट नंबर नसतो. म्हणून या कायद्याला 'नको' चांगलं ऐकू येतं आणि 'हवं' ऐकूच येत नाही. खामगाव-जालना मार्गाची मागणी पिढ्यान्‌पिढ्या निवेदनांतच राहिली, त्याला पैशाचं कारण आहेच. पण तिची नोंद करून उत्तर द्यायला बांधील असलेलं कुणी नव्हतं, हेही तेवढंच मोठं कारण आहे.

समृद्धीचं उदाहरण जरा जवळून पाहू. एकूण ७०१ किलोमीटर, दहा जिल्हे, ३९२ गावं. बुलढाणा जिल्ह्यात मेहकर, लोणार, सिंदखेडराजा आणि देऊळगावराजा तालुक्यांतून सुमारे ९० किलोमीटर. सुरुवातीला जमीन भूसंचयनानं, म्हणजे मोबदल्यात विकसित भूखंड देऊन घ्यायची कल्पना होती. शेतकऱ्यांनी विरोध केल्यावर थेट खरेदी आली आणि भाव पाचपटीपर्यंत गेला. लोकांचं ऐकलं गेलं, हे इथं नाकारता येत नाही. पण कशाबद्दल ऐकलं? भावाबद्दल. कारण विचारलंच तेवढं होतं. दोन्ही बाजूंनी बंदिस्त, सव्वाशे मीटरच्या आसपास रुंद असा पट्टा शिवारातून गेला की काय होतं, ते त्या शिवारात राबणाऱ्याला नकाशा न बघता सांगता येतं. शेत एका अंगाला आणि विहीर दुसऱ्या अंगाला राहते. खालून जायला बोगदा ठेवलेला असतो. पण सोयाबीन काढायला येणारं हार्वेस्टर त्यातून जाईल का, कुटार भरलेली ट्रॉली घासेल का, पहिल्या जोराच्या पावसात नाल्याचं पाणी कुठून येऊन त्याच बोगद्यात साचेल, याची उत्तरं गावात होती आणि ती फुकट मिळणारी होती. वर दुचाकी, तीनचाकी आणि ट्रॅक्टर यांना महामार्गावर मनाई. खेड्यात जी वाहनं असतात, नेमकी तीच! मेहकरचा पेशंट आज नागपूरला पूर्वीच्या मानानं फार लवकर पोचतो, हा फायदा मोठा आहे आणि तो मोजलाच पाहिजे. पण चढ-उताराची ठिकाणं मोजकी. त्या ठिकाणांपर्यंत आसपासच्या गावांनी कसं यायचं, हा विचार महामार्गाच्या आखणीत कडेला राहिला.

आता याच जिल्ह्यातला, याच मातीतला उलटा दाखला. वऱ्हाडात शेतरस्त्याला पांदण म्हणतात. गावनकाशात ती दुहेरी तुटक रेघेनं दाखवलेली असते, प्रत्यक्षात मात्र दोन्ही बाजूंच्या नांगरांनी दरसाल एकेक तास, म्हणजे नांगराची एकेक ओळ, आत सरकून ती बैलगाडीपुरतीही ठेवलेली नसते. राज्यात नोव्हेंबर २०२१ मध्ये पाणंद रस्त्यांची 'मातोश्री' योजना आली. अडवलेली वाट खुली करायला १९०६ चा मामलेदार न्यायालय अधिनियम तहसीलदाराच्या हाताशी आहे. तरीही नुसत्या हुकमानं खुली केलेली पांदण बरेचदा पुढच्या नांगरटीला पुन्हा आक्रसते. टिकते ती बांधावर उभं राहून ठरलेली. मोजणीवाला साखळी धरतो, खुणा रोवतो, आणि मग खरी बैठक सुरू होते : तुझे चार तास, माझे चार तास, ते बाभळीचं झाड कुणाच्या हिश्शाला, वळणावर ट्रॅक्टर फिरेल एवढी जागा कोण सोडणार. तासाभराची भांडाभांडी होते. मोबदला कुणालाच मिळत नाही, तरी माणसं जमीन सोडतात, कारण रस्ता आपल्याला कशासाठी हवा आहे ते प्रत्येकाला माहीत असतं. फुकट जमीन सोडणारा शेतकरी आणि पाचपट भावालाही 'नाही' म्हणणारा शेतकरी, हा बरेचदा एकच माणूस असतो. फरक पडतो तो त्याला केव्हा विचारलं, याचा.

पांदण लहान, महामार्ग मोठा. लहानाचा न्याय मोठ्याला कसा लावणार, असा आक्षेप इथं येईल. तो बरोबर आहे. ७०१ किलोमीटरची रेघ बांधावर उभं राहून ठरवता येत नाही. पण तिचा प्रत्येक दहा-पंधरा किलोमीटरचा तुकडा आठ-दहा गावांच्या शिवारातून जातो आणि तेवढी गावं एकत्र बसू शकतात. अडचण अशी की, ग्रामसभा गावाची आणि जिल्हा नियोजन समिती जिल्ह्याची. एका वाटेवरच्या दहा गावांना एकत्र बसवणारं मधलं काहीच नाही. एसटीकडे पाहा. मुक्कामी गाडी, म्हणजे संध्याकाळी शेवटच्या गावी जाऊन तिथंच झोपणारी आणि पहाटे विद्यार्थी, दूधवाले, कोर्टकचेरीवाले घेऊन निघणारी गाडी. ती पंधरा मिनिटं उशिरा निघाली, तर एका गावच्या पोरींचा पहिला तास बुडतो आणि लवकर निघाली, तर दुसऱ्या गावच्या दुधाचे कॅन राहतात. वेळापत्रक आगारात ठरतं, निवेदन एकेक गाव देतं, आणि एका गावाची मागणी मान्य झाली की पुढचं गाव रस्त्यावर उतरतं. दहाही गावांचे बाजाराचे दिवस, शाळांच्या घंटा आणि दवाखान्याच्या वेळा एका कागदावर आल्या, तर आगारप्रमुखाचं काम सोपंच होईल.

दुसरा आक्षेप तज्ज्ञांचा : आखणी हे अभियंत्याचं काम, तिथं लोकांना काय कळतं? याला आपल्या जिल्ह्याच्या उत्तरेकडेच उत्तर आहे. अकोला-खंडवा हा मीटरगेज मार्ग ब्रॉडगेज करताना जुनीच रेघ कायम ठेवायची, तर रूळ मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या पोटातून जाणार होते. कागदावर तेच स्वस्त आणि जवळचं. पण जंगल टाळून सोनाळा, जामोदकडून जाणारा पर्याय पुढं आला. तो सुमारे ३० किलोमीटर जास्त लांबीचा, पण संग्रामपूर आणि जळगाव जामोद या रेल्वे न पाहिलेल्या तालुक्यांना जोडणारा. वन्यजीव अभ्यासकांचा धरून ठेवलेला आग्रह आणि या भागातल्या लोकांची मागणी एकाच बाजूला पडली, वर्षानुवर्षं वाद चालला आणि अखेर जंगल टाळणारा मार्ग मान्य झाला. अंतर किती, चढ किती, खर्च किती, हे अभियंत्यानंच सांगावं. अंतर वाचवायचं की गावं जोडायची, हा प्रश्न मात्र अभियांत्रिकीचा नाही. तो त्या गावांचाही आहे.

उशीर होतो, हा तिसरा आणि सगळ्यांत वजनदार आक्षेप. विचारत बसलो तर काही होणारच नाही, असं मंत्रालयापासून चहाच्या टपरीपर्यंत ऐकू येतं. शेगाव ते सिंदखेडराजा या १०९ किलोमीटरच्या प्रस्तावित 'भक्तिमार्गा'कडे पाहावं. आखणी जाहीर झाली आणि वाटेतल्या गावांतून विरोध उठला. आहेत ते रस्ते नीट करा, आमची बागायती कशाला मोडता, असं शेतकरी म्हणाले. ते बरोबर की चूक, हे क्षणभर बाजूला ठेवू. पण हीच गोष्ट आखणीआधी विचारली असती, तर ती दोन महिन्यांत कळली असती. न विचारल्यामुळे वेळ वाचत नाही, तो मोर्च्यांत आणि कोर्टात जातो.

चौथा आक्षेप खुद्द गावकरीच घेतात. बैठक बोलावली तर बोलणार कोण? सरपंच, दोन ठेकेदार आणि आपल्या शेताजवळ फाटा व्हावा असं ज्याला वाटतं तो. याला माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. दहा गावांच्या सभेत एका गावच्या दादाचं वजन कमी होतं, ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची सक्ती असते, ती इथंही लावता येते, आणि नकाशा महिनाभर ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागला तर कुणाचा फाटा कुणाच्या शेताला चिकटला ते पोरंसोरंही वाचतात. एवढ्यानं लबाडी थांबेल असं नाही, पण ती दिसेल. आज तीही दिसत नाही.

हे सगळं स्वप्नरंजन नाही, शेजारच्या गोव्यात ते काही अंशी घडून गेलं आहे. ऑगस्ट २००६ मध्ये तिथं 'प्रादेशिक आराखडा २०११' अधिसूचित झाला. डोंगर आणि शेतं बांधकामाला मोकळी केल्याचा आरोप झाला, 'गोवा बचाव अभियान' उभं राहिलं आणि जानेवारी २००७ मध्ये सरकारला आराखडा मागं घ्यावा लागला. त्यानंतर वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांचा सहभाग असलेल्या कृतिगटानं 'आराखडा २०२१' करायला घेतला, तेव्हा गावागावांचे नकाशे पंचायतींकडे पाठवले गेले. ग्रामसभांनी त्यावर खुणा केल्या : हा झरा, ही देवराई, इथं भातशेती. २०१२ मध्ये सरकार बदललं आणि तोही आराखडा बाजूला पडला. म्हणजे लोकांना विचारलं की आराखडा अमर होतो, असं नाही. पण गावकऱ्याला आपल्या गावाचा नकाशा वाचता येतो, हे तिथं सिद्ध झालं, आणि आपल्याकडे नेमका त्याच गोष्टीवर अविश्वास आहे.

आपल्या राज्यघटनेनं जिल्हा नियोजन समितीची सोय करून ठेवली आहे. तिचे चार-पंचमांश सदस्य जिल्हा परिषद आणि नगरपालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांतून यायला हवेत. बुलढाणा जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढं तीन वर्षांहून अधिक काळ तिथं प्रशासक राहिला. लोकांनी ज्या दारातून आत यायचं, ते दारच बंद! या काळात जिल्ह्याच्या आराखड्यांवर सह्या होत राहिल्या, बैठकाही झाल्या. समिती घटनेतली असली, तरी तिच्यात माणसं नसतील तर तो नुसता फलक.

म्हणून वाचकांना एकच विनंती. येत्या ग्रामसभेत नाली, दिवाबत्ती झाली की एक विषय आणखी घ्या : आपल्या गावाहून कुणाला, केव्हा, कुठं जायचं असतं आणि आज ते कशामुळे अडतं. तुमच्याच रस्त्यावरच्या पुढच्या-मागच्या चार गावांशी बोलून सगळ्यांनी एकाच मजकुराचा ठराव करा. गावनकाशाची झेरॉक्स घेऊन तिच्यावर नाले, पांदणी, विहिरी आणि शाळेची वाट पेनानं दाखवा आणि ती ठरावाला जोडा. जिल्हाधिकारी हे जिल्हा नियोजन समितीचे सदस्य-सचिव असतात. ठराव त्यांच्या नावानं द्या. आणि कचेरीतून निघण्याआधी त्याची शिक्क्यासह पोच घ्या.