किनाऱ्यावर जी भेटत नाही ती

झांझिबार म्हटलं की गूगलवर पांढरी वाळू, नारळाची झाडं आणि निळंशार पाणी दिसतं. मी निघाले तेव्हा घरच्यांनाही वाटलं, पोरगी पीएचडीच्या नावाखाली फिरायला चालली. खरं तर माझं काम त्या निळ्या पाण्यातल्या शेवाळावर होतं. आणि तिथे पहिल्याच आठवड्यात मी सॅम्पलिंगची एक चूक केली. गंमत म्हणजे एमएस्सीला याच चुकीवर टीप लिहून मी चांगले मार्क मिळवले होते.

आधी तिथली शेती समजून घ्या, म्हणजे चूक कळेल. झांझिबारच्या उंगुजा या मोठ्या बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर पाजे, जांबियानी अशी गावं आहेत. १९८९ च्या सुमारास इथे समुद्री शेवाळाची व्यापारी शेती सुरू झाली. स्वाहिलीत शेवाळाला ‘म्वानी’ म्हणतात. उथळ पाण्यात वाळूत लाकडी खुंट्या ठोकायच्या, त्यांना दोऱ्या ताणायच्या, दोरीवर शेवाळाचे तुकडे बांधायचे. साधारण दीड महिन्यात पीक तयार. ते वाळवून परदेशी जातं आणि त्यातून कॅरेजिनन काढतात. तुमच्या टूथपेस्टला, आइस्क्रीमला दाटपणा येतो तो अनेकदा यामुळेच. हे काम करणाऱ्या बहुतेक सगळ्या बायका.

इथे दोन जाती लावल्या जायच्या. कॅप्पाफायकस अल्वारेझिआय या जातीला भाव जास्त, पण ती नाजूक. उथळ पाणी तापलं की फांद्या पांढऱ्या पडतात, गळून जातात. या रोगाला ‘आइस-आइस’ म्हणतात, नाव थंड असलं तरी. २००० नंतर ही जात इथे वारंवार मरत गेली. उरली ती मुख्यतः युकेमा डेंटिक्युलॅटम, चिवट पण स्वस्त. खोल, थंड पाण्यात पहिली जात जगू शकते आणि तसे प्रयोग तिथल्या शास्त्रज्ञ फ्लॉवर म्सुया यांनी बायकांबरोबर केलेही आहेत. पण खोल पाण्यात जायचं तर होडी हवी, पोहता यायला हवं. यातल्या अनेकींना पोहता येत नाही.

माझा प्रश्न साधा होता: या सगळ्यानंतरही बायका ही शेती का करतात?

किनाऱ्यावर जायची वेळ तुम्ही ठरवत नाही, चंद्र ठरवतो. आपल्या कोकणात उधाण आणि भांग म्हणतात, तसंच तिथे ‘बाम्वुआ’ आणि ‘माजी माफू’. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाणाची ओहोटी लागली की पाणी खूप आत जातं आणि शेतं उघडी पडतात. तेवढे काही दिवस, दिवसातले तीन-चार तास, हाच कामाचा वेळ. (विमानाचं तिकीट काढण्याआधी भरती-ओहोटीचं कोष्टक बघा. मी बघितलं होतं, एवढं तरी बरोबर केलं.)

भाषेचंही थोडं सांगते. पर्यटकांना सगळे ‘जांबो’ म्हणतात, पण वयस्कर बाईला तुम्ही ‘शिकामू’ म्हणायचं. आपल्या ‘पाया पडते’ सारखं आहे ते. त्या ‘माराहाबा’ म्हणतात आणि मग बोलणं सुरू होतं. राबणाऱ्या माणसाला ‘पोले ना काझी’ म्हणतात, म्हणजे तुमच्या कष्टांबद्दल वाईट वाटतं. आणि ‘बीबी’ म्हणजे आजी, हे लक्षात ठेवा. मला पहिल्यांदा ऐकून हसू आलं होतं.

तर परवाना घेऊन, गावच्या ‘शेहा’ला म्हणजे स्थानिक प्रमुखाला भेटून, दुभाषी मुलीबरोबर मी ओहोटीला पाण्यात उतरले. बायका गुडघाभर पाण्यात वाकून दोऱ्या बांधतायत, मी शेजारी फॉर्म घेऊन उभी. ‘ही शेती परवडते का?’ बहुतेकींचं उत्तर: परवडते, स्वतःचा पैसा हातात येतो, मुलांच्या शाळेला होतो. मी खूश. रात्री गाइडना मेल केला: भाव पडले तरी बायका समाधानी आहेत.

शेवटच्या दिवशी एका बीबीने दोरी न सोडताच दुभाषी मुलीला काहीतरी विचारलं. ती मुलगी थोडी संकोचली, मग म्हणाली, “त्या विचारतायत, ज्यांना परवडत नाही त्या इथे कशाला येतील?”

मी गप्प झाले. अभ्यासिकेत बसलेल्या मुलांना ‘एमपीएससी सोडावीशी वाटते का?’ विचारून निष्कर्ष काढावा, तसं झालं होतं. ज्यांनी सोडली ती मुलं गावी गेली, अभ्यासिकेत दिसणारच नाहीत. पुस्तकात याला सर्व्हायव्हरशिप बायस म्हणतात. फॉर्म पन्नास भरा की पाचशे, ही चूक कमी होत नाही, उलट तुमचा खोटा आत्मविश्वास वाढतो. आणि माझा तो मेल प्रबंधात गेला असता, तर उद्या कुणी ‘बायका समाधानी आहेत’ म्हणून भावाचा प्रश्नच बाजूला ठेवला असता. त्याची किंमत मी मोजणार नव्हते.

मग भांगाचे दिवस आले. शेतं पाण्याखाली, बायका घरी. मी शेहाकडे परत गेले आणि पूर्वी म्वानी लावणाऱ्या घरांची माहिती मागितली. एकीकडून दुसरीकडे असं विचारत गेले. अंगणात बसून कुणी नारळाच्या काथ्याचे दोर वळत होत्या, कुणी हॉटेलात कामाला लागल्या होत्या. इथली उत्तरं लांब होती. महाग जात मेली, पाठ धरली, डोळ्यांना उन्हाचा त्रास झाला, भाव खरेदी करणाराच ठरवतो. सोडलेल्यांपैकीही काही जणी म्हणाल्या, भाव मिळाला तर परत जाऊ. म्हणजे ‘समाधानी’ आणि ‘असमाधानी’ अशी सरळ फाळणीही नव्हती.

गाइडना दुसरा मेल लिहायला मला दोन दिवस लागले. त्यांनी एका ओळीत उत्तर दिलं: पहिले फॉर्म फेकू नकोस, वेगळा गट म्हणून ठेव.

आता माझ्या फॉर्मवर पहिला प्रश्न आहे, ‘तुम्ही म्वानी कधी लावली होती, आणि सोडली असेल तर कधी?’ आणि वरच्या कोपऱ्यात एक छोटी चौकट: मुलाखत कुठे झाली, पाण्यात की अंगणात.