भरतीवर चालणारी गोदी

नंदुरबारला समुद्र नाही. तरी मुंबईच्या जुन्या गोद्यांवर लिहायचे ठरले तेव्हा विषय परका वाटला नाही. सतराव्या शतकात बऱ्हाणपूरचे कापड आपल्या नंदुरबार-नवापूरवरूनच सुरतेला जाई. टॅव्हर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या याच वाटेने फिरला आणि नवापूरच्या सुवासिक तांदळाची तारीफ लिहून गेला. वाटेच्या टोकाला, सुरतेत, पारशी सुतार जहाजे बांधत. त्यांच्यातल्या लवजी नसरवानजी वाडियांना ईस्ट इंडिया कंपनीने १७३६ साली मुंबईला आणले. त्यांच्या घराण्याने पुढे दीडशे वर्षे गोदीचे काम पाहिले.

मला खिळवून ठेवले ते मुंबईतल्या नौदल गोदीच्या लायन गेटच्या आतल्या ‘बॉम्बे डॉक’ या सुक्या गोदीने. तिचा वरचा भाग १७५० चा, मधला १७६२ चा, खालचा १७६५ चा. तीन कप्पे आणि दारांच्या तीन जोड्या. अमावास्या-पौर्णिमेला उधाण आले, की मुंबईच्या किनाऱ्यावर पाणी चार-पाच मीटर चढते-उतरते. त्या भरतीत जहाज आत ओढून घ्यायचे. ओहोटीबरोबर बरेचसे पाणी आपसूक निघून जाते. मग दारे मिटायची, उरलेले पाणी उपसायचे आणि जहाजाचा तळ सुतारांपुढे उघडा. पुढच्या भरतीचा समुद्र बाहेरून जितका रेटतो, तितकी दारे घट्ट बसतात. खरी करामत कप्प्यांची. बाहेरच्या कप्प्यातले जहाज काढून दुसरे घेतले, तरी आतल्या दोन जहाजांवरचे काम थांबत नसे. वाफेचे यंत्र हाताशी नसताना चंद्राच्या ओढीला कामाला लावणारी ही योजना मला कोणत्याही किल्ल्याइतकी थोर वाटते.

इथली जहाजे सागाची. सातपुड्यातल्या माणसाला सागाचे गुण सांगायला नकोत, पण समुद्रावर त्याचा आणखी एक गुण कळला. ओकमधल्या आम्लाने लोखंडी खिळे गंजतात. सागाच्या तेलाने ते टिकतात. नेपोलियनशी लढताना ब्रिटनमध्ये ओकचा तुटवडा पडला, तेव्हा ब्रिटिश आरमाराने मुंबईकडे धाव घेतली. जमशेटजी बमनजी वाडियांनी बांधलेली ‘त्रिंकोमाली’ १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरली. तिचे नकाशे घेऊन निघालेले ‘जावा’ हे जहाज अमेरिकेशी झालेल्या लढाईत गमावले, म्हणून नकाशे पुन्हा पाठवावे लागले. पारशी रिवाजाप्रमाणे तिच्या कण्यात चांदीचा खिळा ठोकला होता. हे जहाज आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे आणि तिकीट काढून कोणालाही पाहता येते.

ती जिथे घडली, त्या मुंबईत मात्र हा वारसा सामान्य माणसाच्या नजरेआडच आहे. जुनी गोदी नौदलाच्या ताब्यात आहे, वापरात आहे. परवान्याशिवाय आत पाऊल टाकता येत नाही. सुरक्षेचे कारण मला मान्य आहे. वापरात आहे म्हणूनच ती टिकली, हेही खरे. पण जिथे नौदल नाही, तिथे काय झाले? १८८० चा प्रिन्सेस डॉक आणि १८८८ चा व्हिक्टोरिया डॉक भराव घालून बुजवले गेले. कंटेनर ठेवायला जागा हवी होती. १४ एप्रिल १९४४ रोजी ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला, तो याच व्हिक्टोरिया डॉकमध्ये. आग विझवताना ६६ अग्निशामक जवान मरण पावले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर १४ एप्रिलला अग्निशमन दिन पाळतात. पण ती गोदी आता पाण्याची राहिलेली नाही. मुंबईच्या पूर्व किनाऱ्याच्या विकासाचे नकाशे निघत राहतात, त्यांत इमारती ठळक असतात. दगडी धक्के, दारे, लोखंडी यंत्रे यांचे काय करायचे, हे त्यांतच आधी लिहिले पाहिजे.

दर डिसेंबरात नौदल सप्ताहानिमित्त नागरिकांना युद्धनौका पाहता येतात. त्याच दिवसांत, पहाऱ्यात का होईना, शाळकरी मुलांच्या तुकड्या बॉम्बे डॉकच्या काठापर्यंत नेता येतील. नौदलाने एवढे करावे, आणि त्यांत नंदुरबारची मुलेही असावीत.