बर्फ वितळल्यावर गळणारे सांधे

अमेरिकेत आणि कॅनडात हिवाळाभर उभी राहिलेली आरव्ही, म्हणजे राहण्याची सोय असलेली गाडी, वसंतात बाहेर निघते आणि पाण्याचा पंप चालू करताच कुठेतरी टपटप सुरू होते. नळ्यांत उरलेलं पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. पेक्स या प्लॅस्टिकची नळी लवचीक असल्यामुळे हा ताण बहुधा सोसते. तडकतात ते प्लॅस्टिकचे एल्बो, नळाचे आतले भाग आणि टॉयलेटचा व्हॉल्व्ह.

सगळे नळ बंद ठेवून पंप लावा. दाब भरला की तो थांबायला हवा. थोड्या थोड्या वेळाने घुरघुरत राहिला, तर पाणी कुठूनतरी निसटतंय, असं समजून प्रत्येक सांध्याखाली कोरडा टिश्यू पेपर फिरवा. डोळ्याला न दिसणारी चीरही कागदावर लगेच उमटते.

आट्यांचा सांधा गळतोय म्हणून पान्ह्याने आवळत सुटू नका. त्यातला शंकूसारखा वॉशर पाणी अडवतो. हाताने घट्ट करून वर जरासा पीळ दिला की पुरतं. जास्त आवळलं की धड नटही फुटतो.

तडकलेल्या सांध्यावर टेप किंवा सीलंट चोपडणं व्यर्थच. तो कापून काढा. नळी अगदी काटकोनात कापा, कड गुळगुळीत करा आणि ढकलून बसवायचा पितळी सांधा लावा. अर्धा इंची नळी त्यात साधारण एक इंच आत जायला हवी, म्हणून आधी पेनने खूण करा. अर्धवट बसलेला सांधा दाबाखाली निसटतो.

पुढच्या थंडीआधी पाणी काढून नळ्यांत आरव्हीसाठीचं गुलाबी अँटिफ्रीझ भरा. गाडीच्या रेडिएटरचं नको. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल विषारी असतं.