घड्याळ मागे, लॉगिन बंद

परवा रात्री आसनगावला घरी होते. लॅबमधल्या नव्या विद्यार्थ्याचा फोन आला, "ताई, सर्व्हरवर लॉगिनच होत नाहीये." लॅब मुंबईत, म्हणजे लोकलनं जवळजवळ दोन तास. घरूनच बघायचं ठरवलं.

माझं लॉगिन झालं. इतर जुन्यांचंही होत होतं, फक्त नव्या दोघांचं नाही.

आदल्याच दिवशी मी त्या सर्व्हरवर अपडेट टाकले होते, त्यामुळे पहिला संशय त्यांच्यावर. अशा वेळी नेटवर हमखास सापडणारा सल्ला म्हणजे एसएसएसडीची कॅशे पुसा. हात तिथवर गेलाही होता, पण म्हटलं, आधी लॉग वाचू.

बरं झालं. एसएसएसडी ही लिनक्सवरची सेवा आपलं लॉगिन मध्यवर्ती सर्व्हरकडून तपासून घेते. तो संपर्क तुटला, आणि तशी सेटिंग असली, तर आधी येऊन गेलेल्यांना कॅशेतल्या माहितीवर आत सोडते. नवे कॅशेत नव्हतेच. मी ती पुसली असती, तर सगळेच बाहेर राहिलो असतो, मीसुद्धा!

लॉगमध्ये एकच ओळ पुन्हा पुन्हा होती: 'क्लॉक स्क्यू टू ग्रेट'. म्हणजे दोन घड्याळांत फार फरक.

पण लॉगिनचा घड्याळाशी काय संबंध? ओळख पटवायला आमच्याकडे कर्बेरॉस आहे. एमआयटीच्या प्रोजेक्ट अथेनात 1980च्या दशकात तो तयार झाला. त्यात ओळखीच्या संदेशावर वेळेचा शिक्का असतो, म्हणजे कुणी तो संदेश चोरून नंतर वापरू पाहिला तर शिळा ठरतो. घड्याळांतला फरक साधारणपणे 5 मिनिटांपर्यंत, म्हणजे 300 सेकंदांपर्यंत चालतो. त्यापुढे दार बंद. कसारा लाइनवर घड्याळ पाच मिनिटं मागे असलं की काय होतं, ते आम्हाला सांगायला नको.

'क्रोनीसी ट्रॅकिंग' चालवलं. वेळ जुळवणारी क्रोनी सेवाच बंद! पाच महिन्यांपूर्वी एका दुरुस्तीत थांबवली, ती पुन्हा चालू करायची राहिली. घड्याळ रोज सुमारे 2 सेकंद मागे पडत होतं. 150 दिवसांत 300 सेकंद. मर्यादा नेमकी परवा ओलांडली गेली. अपडेटचा काही दोष नव्हता.

क्रोनी चालू केली, वेळ जुळवली, एसएसएसडी रीस्टार्ट केली. नव्यांचं लॉगिन झालं.

माझं काम मात्र तिथं संपलं नाही. माझ्या सेन्सरच्या नोंदींवर याच सर्व्हरची वेळ पडते. म्हणजे पाच महिन्यांच्या नोंदी हळूहळू सरकत गेल्यात, आणि लॉगिन अडलं नसतं तर त्या तशाच प्रबंधात गेल्या असत्या. आता प्रत्येक दिवसाची दुरुस्ती काढतेय, आणि ती कशी काढली हेही लिहून ठेवतेय.

संशोधनात याल तेव्हा एवढं लक्षात ठेवा: बिघाड आज दिसला म्हणजे तो आजच झाला असं नाही. 'काल काय बदललं?' हे जरूर विचारा, पण 'किती दिवसांपासून काय हळूहळू सरकतंय?' हेही विचारा. आणि काहीही पुसण्याआधी लॉग वाचा.